वीस हजार तीनशे दहा

३ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून या वेळी पत्ता ऑफिसातल्या कारकुनाकडून लिहून घेतला आहे. एवढी लबाडी पोटात घाल. माझी मागची तीन पत्रं जशी गेली तशी परत आली. तिन्ही माझ्या ट्रंकेत आहेत. त्यांत विशेष काही नव्हतंच. तब्येत कशी आहे, शिवणाचं काम कसं चाललं आहे, एवढंच. जे लिहायला हवं होतं ते मला तेव्हाही लिहिता आलं नाही.

आता लिहायला कारण आहे. तुझी लेक इथे येते आहे. नोकरी लागल्याचं तिने तुला सांगितलं असेल, पण कुठे लागली ते नीट सांगितलं आहे का, याची मला शंका आहे. खाडीच्या चिखलावरचे पक्षी मोजायला आमच्या पक्षी-अभ्यास केंद्राने या हंगामासाठी दोन माणसं घेतली, त्यातली एक ती. यादीत तुमचं आडनाव वाचलं तेव्हा वाटलं, असेल दुसरं कोणी. मग जन्मतारीख बघितली. त्या दिवशी दाजींनी सगळ्या केंद्राला पेढे वाटले होते.

मी आता चिखलावर जात नाही. दाजी भरतीत गेले त्यानंतर महिन्याभरात बदली मागून घेतली. अकरा वर्षं झाली, जंगलाच्या बाजूला आहे. इथे पक्षी कानाने मोजतात. पहाटे एका झाडाखाली दहा मिनिटं उभं राहायचं, ऐकू येईल ते लिहायचं, मग पुढच्या झाडाखाली. सुतार, कोतवाल, एखादं उशिरा घरी जाणारं घुबड. कोणी कोणावर अवलंबून नसतं. मला हे बरं पडतं.

दाजींबद्दल मी चौकशीत जे सांगितलं त्यावरून तू बोलणं टाकलंस. ते मी पुन्हा उगाळत नाही. मी शिट्टी वाजवली आणि ते परतले नाहीत, एवढंच मी म्हणालो होतो. त्याचं कागदावर ‘सूचना देऊनही परतले नाहीत’ असं झालं. तू ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणालीस, “माझा नवरा शिट्टी ऐकूनही चिखलात थांबणारा माणूस नव्हता.” आणि माझ्याकडे न बघता निघून गेलीस.

लेकीला इथे पाठवायचं की नाही ते तू ठरव. माझं विचारशील तर पाठवू नकोस. चिखल वाईट आहे.

तुझा भाऊ

१९ नोव्हेंबर

ताई,

मागचं पत्र परत आलं नाही. त्याचा अर्थ काय लावावा ते कळत नाही, म्हणून लावत नाही.

पोर येऊन पोचली. तिला मी फाटकावर घ्यायला गेलो होतो. लांबून चालत येताना दिसली. डावा खांदा जरा खाली, पाऊल टाकायच्या आधी जमीन बघून घ्यायची सवय. दाजी असेच चालायचे. लहानपणी तोंड मिटायचं नाही म्हणून त्यांनी तिचं नाव टिटवी पाडलं होतं. आता टिटवी बोलत नाही. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, “राहू द्या, मला सवय आहे.” पूर्वी ‘अरे मामा’ करून गळ्यात पडायची. आता ‘तुम्ही’. मी पुढे होऊन फाटक उघडलं.

फाटकाच्या आत एक मोठा फलक आहे. तू तो पाहिलेला नाहीस, नंतर लागला. ही खाडी राखीव कशी झाली ते त्यावर लिहिलं आहे. एकाच भरतीला, एकाच माणसाने, एकाच जागेवरून मोजलेले पक्षी वीस हजार तीनशे दहा. खाली तारीख. हा आकडा मिळाला नसता तर चिखलावर भराव घालून गोदामं बांधायची ठरली होती. बाहेरून लोक येतात, फलकापुढे उभं राहून फोटो काढतात. पोर त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. तारीख तिला वाचायची गरज नव्हती. तिने आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे तुम्ही मोजलेत?”

हो म्हणालो.

तिला खोली मिळाली आहे ती आवाराच्या टोकाला, पत्र्याच्या छपराची. खिडकीतून बांध दिसतो. पलंगाचा एक पाय आखूड होता, त्याखाली मी लाकडाचा तुकडा ठोकून दिला. जेवणाची काळजी करू नकोस. स्वयंपाकीणबाई तिच्या ताटात न विचारता दोनदा वाढतात.

दुसऱ्याच दिवशी तिने जुने मोजणीचे कागद मागितले. मी म्हणालो, कपाटाची किल्ली हरवली आहे. ती हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. “मामा, किल्ली तुमच्या पट्ट्याला लटकते आहे.” मी ती काढून दिली. आता कपाट तिच्या ताब्यात आहे. रोज संध्याकाळी दिवा लावून वाचत बसते.

तिला परत बोलावून घ्यायचं तुझ्या मनात असेल तर अजून वेळ आहे.

भाऊ

८ डिसेंबर

ताई,

पोरीचा मोजणीतला जोडीदार बांधावरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, हंगाम संपेपर्यंत तूच बांधावर बसायचंस. मी नको म्हणालो. ते म्हणाले, दुसरं कोण आहे? तर गेला आठवडा मी पुन्हा बांधावर आहे, आणि तुझी लेक समोर चिखलावर.

इथली पद्धत दाजींनी तुला कधी सांगितली असेल-नसेल, म्हणून लिहितो. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ओहोटीला पक्षी मैलभर पसरलेले असतात, तेव्हा ते मोजणं अशक्य. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत शेवटच्या कोरड्या पट्ट्यावर आणतं. चिखल्या, तुतवार, लांब चोचीचे कुरल, सगळे खांद्याला खांदा लावून बसतात. तीच वेळ. एक माणूस बांधावर तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावतो आणि डावीकडून उजवीकडे मोजत जातो. हातात बटणाचं यंत्र असतं. दहा पक्ष्यांना एकदा दाबायचं. मध्ये दुर्बीण हलून जागा चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. दुसरा माणूस पायाला फळ्या बांधून चिखलात तिसऱ्या खुंटापर्यंत जातो, कारण तिथल्या उंचवट्यामागचे पक्षी बांधावरून दिसत नाहीत.

त्या दुसऱ्याच्या पाठीमागे, त्याच्या आणि बांधाच्या मध्ये, एक चर आहे. भरती त्या चरातून आधी शिरते. चिखलातल्या माणसाचं तोंड पक्ष्यांकडे, त्याला ती दिसत नाही. बांधावरच्याला दिसते. चरातल्या खुंटावर लाल पट्टा रंगवलेला आहे. पाणी पट्ट्याला लागलं की बांधावरच्याने शिट्टी वाजवायची आणि चिखलातल्याने निघायचं. म्हणून चिखलातला माणूस घड्याळ बघत नाही. शिट्टी वाजली नाही म्हणजे वेळ आहे.

आणि मोजणी चालू असताना आवाज करायचा नाही. कोणीही, कशासाठीही. मला दाजींनी शिकवलं ते असं: “मेहुणे, डोळा काचेला आणि जीभ दाताखाली.” एकदा त्यांच्या पायात शिंपला घुसला होता. चाळीस मिनिटं ते तसेच उभे राहिले, आणि मोजणी संपल्यावर अशा शिव्या घातल्या की बांधावरचे बगळे उडाले.

या आठवड्यात तीन मोजण्या झाल्या. तिन्ही मी बिघडवल्या. पाणी पट्ट्याच्या हातभर खाली असतानाच माझ्या तोंडात शिट्टी जाते. थवा उठतो, आकडा वाया जातो. ऑफिसात माझं नाव शिट्टीमामा पडलं आहे. मी पाण्याचा तांब्या उचलला तरी कोणीतरी म्हणतं, मामा, भरती आली का? हसायचं तिथे मीही हसतो.

पोर हसली नाही. काल परत आली, पायाच्या फळ्या सोडता सोडता विचारलं, “शिट्टीने उडालेला थवा पुन्हा बसायला किती वेळ लागतो?”

मी म्हणालो, त्या भरतीला पुन्हा बसत नाही.

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

तिने फळ्या धुतल्या, भिंतीला टेकवून ठेवल्या. मग म्हणाली, “बाबांच्या दिवशी तुम्ही वेळेवर शिट्टी वाजवलीत. मग आकडा पूर्ण कसा झाला?”

मी म्हणालो, चहा निवतो आहे, आधी चहा घे.

भाऊ

१० डिसेंबर

ताई,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. पोरीच्या हातात देतो आहे, पाकीट न चिकटवता. वाटेत वाचायचं तर तिने वाचावं.

त्या हंगामात दोन मोजण्या आधीच फुकट गेल्या होत्या. एकदा कुत्रं धावलं, एकदा मासेमारीच्या होडीचं इंजिन फाटफाट करत गेलं. मोठी भरती एकच उरली होती. साहेब म्हणाले होते, वीस हजारांच्या वर आकडा कागदावर आला तर खाडी वाचेल, नाहीतर पुढच्या पावसाळ्याआधी भराव पडेल. दाजींचा सगळा जीव या चिखलात. आदल्या संध्याकाळी बांधावर बसून ते म्हणाले, “उद्या काही होवो, आकडा पुरा झाला पाहिजे.” हे वाक्य मी अकरा वर्षं उशाला घेऊन झोपलो. खरं म्हणजे सगळेच असं बोलतात. मोजणीच्या आदल्या दिवशी असंच बोलतात. त्याचा अर्थ आपण लावू तो नसतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

मोजणी सात वाजून पाच मिनिटांनी सुरू केली. इतके पक्षी मी जन्मात पाहिले नव्हते. चिखल दिसतच नव्हता. मोजता मोजता मला देवाची आठवण झाली आणि छाती भरून आली. वाटलं, हे त्याने खास आपल्याला दाखवलं. ताई, त्या अर्ध्या तासात मी सुखात होतो. हे लिहायला सगळ्यांत जड जातं आहे.

पट्टा बघायला मान वळवली तेव्हा पट्टा नव्हता. पाण्याखाली गेला होता. यंत्रावर बारा हजार चारशे होते. शिट्टी गळ्यात होती. मी ती तोंडात घातली. वाजवली तर सगळं उठणार, आणि पुन्हा कधी बसणार नाही. मनात म्हटलं, दाजी जुना माणूस आहे, दोन-चार मिनिटांनी काय बिघडतं? शिट्टी ओठांतून काढली आणि पुन्हा काचेला डोळा लावला. त्यानंतर मी पंधरा मिनिटं मोजत होतो. सात पंचेचाळीसला मोजणी संपली. वीस हजार तीनशे दहा. मग मान वर केली. तिसरा खुंट दिसत नव्हता आणि दाजीही दिसत नव्हते. तेव्हा मी शिट्टी वाजवली.

म्हणजे शिट्टी वाजवली हे खोटं नव्हतं. एवढ्याशा आधारावर मी चौकशीत उभा राहिलो. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. कळलं असतं तर त्याने आकडा बघूनच मला धरलं असतं. शिट्टी वेळेवर वाजली असती तर तो आकडा झालाच नसता. साहेबांना कळलं होतं. त्यांनी माझा मोजणीचा कागद हातात घेतला, वेळ वाचली, आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला. आकडा त्यांनाही हवा होता.

आणि दोष दाजींवर गेला. हट्टी माणूस, सांगूनही ऐकलं नाही. पोरीला शाळेत मुलं काय म्हणायची ते तिने मला आता सांगितलं. मला ते माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी चहा तसाच राहिला. आज सकाळी मी तिच्या खोलीवर गेलो. टेबलावर तो मोजणीचा कागद पसरलेला होता, शेजारी त्या वर्षीचं भरतीचं वेळापत्रक. सात पंचवीसला पट्टा बुडतो, हे तिने पेन्सिलीने लिहिलं होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती म्हणाली, “फलक पाहिला त्याच दिवशी मला कळलं होतं, मामा. तू कधी सांगतोस, ते बघत होते.”

मग म्हणाली, आईला लिहून दे. तोंडी मी नेणार नाही.

हेच सगळं केंद्रालाही लिहून दिलं आहे, सही करून. दाजींच्या कागदावरचं ते ‘सूचना देऊनही’चं वाक्य खोडा, अशी विनंती केली आहे. रोज सकाळी मी देवापुढे हात जोडतो, ताई, पण काही मागत नाही. मागायला तोंड हवं. तुझ्याकडेही मागत नाही.

भाऊ

२ जानेवारी

ताई,

पोर दहा दिवसांपूर्वी परतली. येताना तुझी चिठ्ठी घेऊन आली. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. ‘र’ला तू अजून तशीच लांब शेपटी काढतेस. चिठ्ठीत एकच ओळ आहे. तो सगळा दिवस ती मी खिशात घेऊन जंगलात फिरलो. सुताराचा आवाज येत होता, पण वहीत काही लिहिलं नाही.

आधी इथलं सांगतो. चौकशी पुन्हा उघडली आहे. मला मोजणीच्या कामावरून काढलं, ते योग्यच झालं. साहेब निवृत्तीला दोन वर्षं असताना रजेवर गेले आहेत. फलकावरच्या आकड्याचं काय करायचं यावर बैठका चालू आहेत. आकडा खोटा नाही, त्यामुळे पुसताही येत नाही. दाजींच्या कागदावरचं वाक्य मात्र रद्द झालं. त्याची प्रत सोबत जोडली आहे. ती शाळेतल्या मुलांपर्यंत पोचणार नाही, ती मुलं आता मोठी झाली.

बांधावर आता पोर बसते. मनगट बरं झालेला तो जोडीदार चिखलात जातो. तिने पहिल्याच दिवशी लाल पट्टा वीतभर खाली उतरवून घेतला. मोजण्या अर्धवट राहतात. ती कागदावर ‘अपूर्ण’ लिहिते आणि सही करते.

आता तुझी ओळ. तू विचारलं आहेस, ‘शेवटी ते कुठे बघत होते?’

तुला कसं कळलं, मी विचारत नाही. मान वर केली तेव्हा दाजी दिसले नाहीत, हे मी लिहिलं होतं आणि ते खरं आहे. पण त्याआधी ते मला दिसले होते. हे मी पोरीलाही सांगितलेलं नाही.

दुर्बीण डावीकडून उजवीकडे सरकवत मी शेवटच्या भागात आलो होतो. यंत्रावर एकोणीस हजार सहाशे होते. काचेच्या गोलात दाजी आले. दुर्बीण चांगली होती, हात लांबवला तर लागतील इतके जवळ. पाणी छातीला लागलं होतं. एका हाताने वही डोक्यावर धरली होती, भिजू नये म्हणून. पक्ष्यांकडे पाठ होती. मागचा चर त्यांनी पाहिला होता, शिट्टी वाजलेली नाही हेही त्यांना कळलं होतं.

अडीअडचणीसाठीची होडी बांधाला, माझ्यापासून वीस पावलांवर बांधलेली होती. त्यांनी एक हाक मारली असती तर माझ्या हातातलं यंत्र गळून पडलं असतं, मी धावलो असतो, मला नक्की माहीत आहे. त्यांचा आवाज तुला ठाऊक आहे. खाडीच्या पलीकडे जायचा. त्यांनी हाक मारली नाही. मोजणी चालू होती.

वीस हजारांना चारशे कमी होते. त्यांच्या पलीकडे पक्षी दिसत होते. मी दुर्बीण पुढे सरकवली. एकाहत्तर वेळा बटण दाबलं.

ते माझ्याकडे बघत होते, ताई.